सनदी अधिकाऱ्यांच्या बदलीचा आदेश कसा वाचावा

'राज्यातील अकरा सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्या' अशा मथळ्याची बातमी आपल्याकडे वरचेवर येते. बहुतेक वाचक तिच्यात आपल्या जिल्ह्याचे नाव तेवढे शोधतात, नवे जिल्हाधिकारी कोण आले ते पाहतात आणि पान उलटतात. बातमीच्या मुळाशी असलेला सामान्य प्रशासन विभागाचा आदेश मात्र सावकाश वाचण्यासारखा असतो. त्यातली नेहमीची ओळ साधारण अशी असते : 'श्री. अमुक (भाप्रसे : महा : २०१६), मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, तमुक यांची नियुक्ती जिल्हाधिकारी, फलाणे या पदावर श्री. ढमुक यांच्या जागी करण्यात आली आहे.' कंसातल्या तीन खुणा आणि आधीचे व नंतरचे पद एवढ्या सामग्रीवर तो अधिकारी आज कोणत्या पायरीवर आहे आणि ही बदली बढतीची, बरोबरीची की नाराजीची, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी, तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणाऱ्यांनी आणि सरकारी कचेरीत ज्यांचे काम अडले आहे अशांनीही ही वाचनाची रीत शिकून घ्यावी.

सुरुवात मथळ्यातल्या 'सनदी' या शब्दापासून करावी. आदेशात हा शब्द नसतो, पण वृत्तपत्रांनी तो सोडलेला नाही, आणि सेवेचे मूळ त्यातच आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या वरिष्ठ नोकरांकडून करारनामा लिहून घेत असे. नजराणे घेऊ नयेत ही त्यातली एक अट होती. असा करार केलेले ते सनदी आणि बाकीचे बिनसनदी. कॉर्नवॉलिसने या नोकरांचे पगार भरपूर वाढवून त्यांचा खासगी व्यापार बंद केला आणि १७९३ च्या कायद्याने वरिष्ठ जागा सनदी नोकरांसाठीच राखून ठेवल्या गेल्या. त्यांच्या शिक्षणासाठी १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज आणि १८०६ मध्ये इंग्लंडात कंपनीचे स्वतंत्र कॉलेज निघाले, पण तेथे प्रवेश कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीनेच मिळत असे, म्हणजे सगळा मामला वशिल्याचा होता. १८५३ च्या कायद्याने हा वशिला संपवला, मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये स्पर्धा परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. विशिष्ट विषयाचा तज्ज्ञ न घेता, चांगले सर्वसाधारण शिक्षण झालेला तरुण निवडावा आणि काम त्याला नंतर शिकवावे, हा मेकॉलेचा विचार होता. तो आजही या सेवेचा कणा आहे, आणि माझ्या मते तिची बरीचशी दुखणीही त्यातूनच आलेली आहेत.

परीक्षा लंडनला, वयाची अट कडक, अभ्यासक्रमात ग्रीक-लॅटिनचे वजन मोठे. अशा स्थितीत १८६३ मध्ये उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय म्हणजे सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्याला ते न्यायाधीश होते आणि १८९७ मध्ये निवृत्त झाले. ते मराठी शिकले आणि तुकारामांच्या काही अभंगांचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले. परप्रांतात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याने तेथील भाषा शिकावी हा नियम आजही आहे; दुसऱ्या राज्यातून महाराष्ट्रात आलेल्या परिवीक्षाधीन अधिकाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते. हिंदुस्थानातच परीक्षा देण्याची सोय व्हायला मात्र १९२२ साल उजाडले.

आता कंसातली पहिली खूण, 'भाप्रसे', म्हणजे भारतीय प्रशासकीय सेवा. ही अक्षरे १९४६ पूर्वी नव्हती. तोपर्यंत होती ती आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातली इंडियन सिव्हिल सर्व्हिस, आणि तिचे संख्याबळ साऱ्या खंडप्राय देशासाठी हजारभराच्या आसपासच असे. ऑक्टोबर १९४६ मध्ये वल्लभभाई पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांची (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत) परिषद बोलावून त्यांच्याकडून भारतीय प्रशासकीय सेवा आणि भारतीय पोलीस सेवा या दोन सेवांना संमती मिळवली. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये त्यांनी नव्या सेवेच्या उमेदवारांपुढे भाषण केले. तो दिवस २००६ पासून नागरी सेवा दिन म्हणून पाळला जातो. ज्यांनी काल आपल्याला तुरुंगात टाकले त्यांच्याच सेवेचा साचा का ठेवायचा, हा प्रश्न काँग्रेसमध्ये अनेकांना पडला होता आणि तो गैरवाजवी नव्हता. पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सेवांची बाजू ठामपणे मांडली. पुढे संविधानाचा अनुच्छेद ३१२ आणि १९५१ चा अखिल भारतीय सेवा अधिनियम यांवर आजची इमारत उभी राहिली.

'अखिल भारतीय सेवा' या शब्दांचा नेमका अर्थ कळल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. प्राप्तिकर किंवा सीमाशुल्क या केंद्राच्या सेवा आहेत; त्यांचा अधिकारी केंद्राने नेमलेला आणि केंद्राचेच काम करणारा असतो. उपजिल्हाधिकारी हा राज्याने नेमलेला, राज्याचाच माणूस असतो. भारतीय प्रशासकीय सेवेचा अधिकारी या दोहोंच्या मधला आहे : त्याची निवड संघ लोकसेवा आयोग करतो, नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावे होते, पण तो राबतो राज्य सरकारच्या हाताखाली. राज्य सरकार त्याची बदली करू शकते, त्याला निलंबितही करू शकते, पण बडतर्फ करण्याचा अधिकार राज्याला नाही. मंत्र्याची नाराजी बडतर्फीच्या रूपाने का दिसत नाही आणि बदलीच्या रूपानेच का दिसते, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे.

दुसरी खूण 'महा', म्हणजे संवर्ग. बोलण्यात सगळे केडरच म्हणतात. देशात असे पंचवीस संवर्ग आहेत. गोव्याचा स्वतंत्र संवर्ग नाही. अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांचा मिळून एक संवर्ग आहे, त्यामुळे पणजीत काम करणारा अधिकारी पुढच्या बदलीत दिल्लीत, इटानगरात किंवा अंदमानात असू शकतो. संवर्ग एकदा मिळाला की तो सहसा जन्माचा असतो. बदल मिळतो तो मुख्यतः संवर्गाबाहेरच्या, अखिल भारतीय सेवेतल्याच जोडीदाराशी विवाह झाल्यास. राज्यात मूळ रहिवासी आणि बाहेरचे यांचे प्रमाण एकास दोन असे ठरलेले आहे. याचा अर्थ असा, की महाराष्ट्रातून निवडले गेलेले बहुसंख्य उमेदवार महाराष्ट्रात येणार नाहीत, हे गणितच आहे.

इथे परीक्षार्थींसाठी थोडे थांबतो. उमेदवार पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षेचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ गुण यांसाठी चार-पाच वर्षे घालवतात आणि सेवेचा व संवर्गाचा पसंतीक्रम मात्र शेवटच्या संध्याकाळी मित्राचा पाहून भरतात. हा क्रम उलटा आहे. २०१७ च्या धोरणात राज्यांचे पाच विभाग पाडले होते आणि उमेदवाराला आधी विभाग, मग प्रत्येक विभागातले एक राज्य अशा फेऱ्यांनी पसंती द्यावी लागे. महाराष्ट्र त्यात गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्याबरोबर होता. असे धोरण अधूनमधून बदलते, म्हणून ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षीचे परिपत्रक स्वतः वाचावे; शिकवणीतल्या जुन्या टिपणांवर विसंबू नये. सेवांचा क्रम लावताना तर अधिकच जपावे. एकाच परीक्षेतून वीसहून अधिक सेवांसाठी निवड होते आणि भारतीय प्रशासकीय सेवेच्या जागा त्यांत दरवर्षी साधारण १८० असतात. निकालाच्या दिवशी गावच्या चौकात 'कलेक्टरसाहेबांचे हार्दिक अभिनंदन' असा फलक लागतो, पेढे वाटले जातात, आणि तो मुलगा प्रत्यक्षात रेल्वेच्या किंवा टपाल खात्याच्या हिशेबाच्या सेवेत गेलेला असतो. ती सेवाही उत्तमच, पण तो कलेक्टर कधीच होणार नाही हे घरच्यांना सांगायला कोणी धजत नाही.

तिसरी खूण म्हणजे वर्ष. हे परीक्षेचे वर्ष नव्हे आणि रुजू झाल्याचेही असेलच असे नाही. ते वाटपाचे वर्ष आहे. थेट भरतीच्या अधिकाऱ्यासाठी हिशेब सोपा आहे : ज्या वर्षीची परीक्षा त्याच्या पुढचे वर्ष. २०१५ ची परीक्षा दिलेला अधिकारी २०१६ चा. गुंतागुंत आहे ती पदोन्नतीने आलेल्यांची. सेवेतल्या वरिष्ठ जागांपैकी एक तृतीयांश जागा राज्यातल्या अधिकाऱ्यांसाठी असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून उपजिल्हाधिकारी झालेला अधिकारी अनेक वर्षांच्या नोकरीनंतर या जागांसाठी निवडसूचीत येतो, आणि पूर्वीच्या नोकरीचे वजन म्हणून त्याला नियुक्तीच्या वर्षापेक्षा बरेच आधीचे वर्ष दिले जाते. म्हणून '२०१४' असे दोघांच्याही नावापुढे दिसले तरी एक अधिकारी अडतिशीतला आणि दुसरा निवृत्तीला पोचलेला असू शकतो. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्या महिन्याच्या अखेरीस दोघेही निवृत्त होतात. पहिल्यापुढे मुख्य सचिवपदापर्यंतची वाट मोकळी असते, दुसऱ्याची बहुधा जिल्ह्यात किंवा एखाद्या आयुक्तालयात संपते. जमिनीच्या कज्ज्याचे काम असेल तर मी या दुसऱ्याच्या दालनाबाहेर बसणे पसंत करीन. त्याने तलाठ्याचे दप्तर वीस वर्षे पाहिलेले असते.

आता पदे. वर्षावरून अधिकारी शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे ते कळते, आणि पायरीवरून पद त्याच्या योग्यतेचे आहे की नाही ते कळते. शिडी अशी आहे. मसुरीच्या अकादमीतले शिक्षण आणि वर्षभराचे जिल्ह्यातले प्रशिक्षण झाल्यावर अधिकाऱ्याची पहिली स्वतंत्र नेमणूक सहायक जिल्हाधिकारी म्हणून होते. लोक त्यालाच प्रांतसाहेब म्हणतात. महाराष्ट्रात ही नेमणूक पुष्कळदा आदिवासी भागात असते आणि तिच्याबरोबर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्याचे कामही येते; धारणी, किनवट, भामरागड, जव्हार ही नावे आदेशांत पुन्हा पुन्हा दिसतात ती यामुळे. कागदपत्रे, अर्ज आणि अपिले यांपलीकडचा महाराष्ट्र नव्या अधिकाऱ्याला इथेच दिसतो : आश्रमशाळेतला धान्याचा साठा, वनहक्काचे दावे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. या पायरीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात ५६,१०० रुपये आहे.

चार वर्षांनी वरिष्ठ समयश्रेणी येते आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद मिळू शकते. या पदाला आपल्याकडे वेगळा इतिहास आहे. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवण्याची शिफारस केली. त्यानुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या स्वतःच्या स्वतंत्र सनदी अधिकाऱ्यासह. त्यामुळे महाराष्ट्रातल्या जिल्ह्यात शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा एका अधिकाऱ्याकडे, तर जमीन, महसूल, निवडणूक आणि आपत्ती दुसऱ्याकडे असते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणे ही नेहमीची चाल आहे, आणि वरच्या नमुन्यातली बदली नेमकी तीच. जिल्हाधिकारी हे पद मात्र फार जुने. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालात कलेक्टर नेमले, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड येथे ते आणले. त्यांच्या हाताखालचे मामलेदार मात्र पेशवाईतलेच राहिले.

पुढच्या पायऱ्या झरझर सांगता येतील. नऊ वर्षांनी कनिष्ठ प्रशासकीय श्रेणी, तेरा वर्षांनी निवडश्रेणी आणि सोळा वर्षांनी सुपर टाइम वेतनश्रेणी. या टप्प्यावर अधिकारी विभागीय आयुक्त किंवा मंत्रालयात सचिव होऊ शकतो. पंचवीस वर्षांच्या सुमाराला प्रधान सचिव आणि तीस वर्षांनी अपर मुख्य सचिव. मुख्य सचिव एकच, आणि वेतनाने तो अपर मुख्य सचिवांच्या बरोबरीचाच असतो : २,२५,००० रुपये. त्याच्या वरचे पद देशात एकच, मंत्रिमंडळ सचिवाचे, २,५०,००० रुपयांचे. मुंबई-महाराष्ट्रात नोकरी केलेले भा. गो. देशमुख १९८६ ते १९८९ या काळात त्या पदावर होते.

दिल्लीची शिडी वेगळी, आणि इथेच वाचक हमखास फसतात. प्रत्येक संवर्गात वरिष्ठ पदांच्या ४० टक्के इतकी राखीव संख्या केंद्रातल्या प्रतिनियुक्तीसाठी धरलेली असते. तेथे उपसचिव, संचालक, सहसचिव, अतिरिक्त सचिव, सचिव असा क्रम आहे. 'सहसचिव' हे नाव मंत्रालयातही आहे, परंतु तेथे ते साधारणतः मंत्रालयीन संवर्गातून बढती मिळालेल्या अधिकाऱ्याचे पद असते. दिल्लीतला सहसचिव हा राज्यातल्या सचिवाच्या तोलाचा असतो. म्हणून 'राज्यातील सचिवाची केंद्रात सहसचिवपदी बदली' अशी बातमी आली, तर ती पदावनती समजू नये. शिवाय तो मान नुसत्या ज्येष्ठतेने मिळत नाही. त्यासाठी केंद्राच्या पॅनेलवर नाव यावे लागते, आणि २००७ पासूनच्या तुकड्यांसाठी उपसचिव किंवा संचालक म्हणून दोन वर्षे केंद्रात काढलेली असणे २०२० मध्ये आवश्यक करण्यात आले.

असाच दुसरा फसवा शब्द म्हणजे 'आयुक्त'. साखर आयुक्त, कृषी आयुक्त, जमाबंदी आयुक्त, विभागीय आयुक्त, महापालिका आयुक्त या सगळ्यांत शब्द एकच, पण वजन सारखे नाही. मुंबई महापालिकेचा आयुक्त हा अपर मुख्य सचिव किंवा प्रधान सचिव दर्जाचा असतो, तर लहान महापालिकेत दहाएक वर्षांच्या नोकरीचा अधिकारीही आयुक्त होतो. अशा वेळी पदनाम बाजूला ठेवावे आणि कंसातले वर्ष पाहावे. त्याबरोबर आदेशात 'पद अवनत करून' किंवा 'पद उन्नत करून' असे शब्द आहेत का ते शोधावे. पद अवनत केले असेल, तर वरच्या दर्जाच्या खुर्चीवर सरकारला मुद्दाम कनिष्ठ अधिकारी बसवायचा आहे. त्याच्यावर विश्वास असतो म्हणून, किंवा ज्येष्ठ कोणी हवासा नसतो म्हणून. पद उन्नत केले असेल, तर एका ज्येष्ठाला कोठे तरी बसवण्याची सोय करावी लागलेली असते. त्यात तो पूर्वी कोणते खाते सांभाळत होता हे पाहिले, की पुष्कळ काही उलगडते.

मग मुदत तपासावी. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सेवानिवृत्त मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निश्चित मुदतीचा आग्रह धरला, आणि २०१४ मध्ये केंद्राने नियम बदलून संवर्गातल्या पदावर किमान दोन वर्षे ठेवण्याची तरतूद केली. त्याआधी हलवायचे तर नागरी सेवा मंडळाची शिफारस लागते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. आदेशातले अधिकारी आपापल्या जागी किती महिने होते हे मागचे आदेश काढून मोजावे. अर्ध्या तासाचे काम आहे. 'यांच्या जागी' या दोन शब्दांनाही विसरू नये, कारण खरी हालचाल पुष्कळदा येणाऱ्याची नसून जाणाऱ्याची असते. जागा रिक्त असेल तर आदेशात 'रिक्त पदावर' असे लिहिलेले असते. 'यांच्या जागी' असे लिहिलेले असेल आणि ज्याच्या जागी नेमले त्याचे नाव त्याच यादीत पुढे कोठेही नसेल, तर यादी शेवटपर्यंत वाचावी. तेथे बहुधा एक ओळ सापडते : 'श्री. ढमुक यांच्या पदस्थापनेचे आदेश स्वतंत्रपणे निर्गमित करण्यात येतील.' ढमुकांचा पगार चालू राहतो, दालन आणि कारकून मात्र गेलेले असतात. त्या ओळीपुढे पेन्सिलीने तारीख लिहून ठेवावी आणि त्यांचे नाव पुन्हा कोणत्या यादीत, किती दिवसांनी आणि कोणत्या पदापुढे येते ते पाहावे.